ओकच्या फळ्या आणि माझी तक्रार

अन्याय झाला तो एका फ्लोअरिंग फिटरवर. रत्नागिरीकडचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, बहरीनमध्ये लोकांच्या घरात लाकडी जमिनी बसवतो. अन्याय झाला मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तो मी केला. ऑफिसच्या चहाच्या सुट्टीत मोबाईलवर ई-मेल लिहिला आणि सेंड दाबलं.

हे पहिल्या ओळीत सांगायची मला सवय आहे. कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहीत आले. हॉस्टेलच्या पाण्यावर, अडकलेल्या स्कॉलरशिपवर, वस्तीतल्या बंद पडलेल्या वाचनालयावर. पत्रक वाचणारा माणूस बसस्टॉपवर उभा असतो, बस आली की कागद चुरगळतो. म्हणून कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे आधी सांगायचं. दोषी एकच ठेवायचा, मागणी एकच ठेवायची, आणि 'कदाचित', 'बहुधा' असले शब्द दिसले की खोडायचे. हे मी इतक्या जणांना शिकवलंय की आता झोपेतही खोडेन.

तर घर. नवऱ्याने आणि मी कर्ज काढून बहरीनच्या सीफ भागात फ्लॅट घेतला. नवी इमारत, मागच्या खिडकीतून शेजारच्या सनाबिस वस्तीच्या गच्च्या दिसतात. आठ वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं बदलली होती आणि पाचही घरांत तीच पांढरी चकचकीत टाइल होती, नव्या फ्लॅटमध्येही तीच. मला तिचा कंटाळा आला होता. पायाखाली काहीतरी मी निवडलेलं हवं होतं. लाकूड हवं होतं.

शोरूममध्ये फळीचा कापलेला तुकडा हातात दिला. वर खऱ्या ओकचा पातळ थर, खाली प्लायचे थर, एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले. अख्खं लाकूड इथल्या हवेत टिकत नाही, हे जरा तग धरतं, असं मॅनेजर म्हणाला. नवरा तुकड्यावर नख घासत बसला. "आणि ओलं फडकं कुठं मारायचं?" त्याने विचारलं. तेव्हा अकोल्याहून आई आलेली होती, ती म्हणाली, "लाकूड छताले लावतेत बाप्पा. खाली कोन टाकते?" मी दोघांचंही ऐकलं नाही. मधाच्या रंगाचा ओक घेतला.

शुक्रवारी नव्या घरात बुद्धवंदना ठेवली होती. बहरीनभरची आमची माणसं येणार होती, तीसेक तरी. त्यानंतर दोन दिवसांनी आईचं परतीचं विमान होतं. तारीख हलणार नव्हती.

रविवारी फळ्यांची खोकी आली. सोबत एक छापील कागद होता, त्यावर मी सही केली. खोकी तीन दिवस खोलीत आडवी ठेवायची, एसी रात्रंदिवस चालू ठेवायचा, म्हणजे लाकूड त्या घराच्या हवेला सरावतं, मग बसवायचं. असं त्या कागदावर लिहिलं होतं. मी तो वाचला नव्हता. जन्मभर लोकांच्या हातात कागद कोंबून "वाचा, वाचा" ओरडणारी मी.

ऑगस्ट होता. बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरायची. आणि रिकाम्या घरात एसी चालवायचा, हे आमच्या हाडातच नाही. आईनं आम्हाला वाढवलं ते खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायला लावून. मी रोज संध्याकाळी जुन्या घरातून नव्या घरी चक्कर टाकायचे, खोकी बघायचे, दहा मिनिटं एसी लावायचे आणि निघताना मेन स्विच खाली ओढायचे. शहाण्यासारखं.

बुधवारी सकाळी आईला घेऊन मी नव्या घरी थांबले होते, तेव्हा फिटर आला. गुडघ्याला पॅड बांधलेले, खांद्यावर हत्यारांची बॅग. माझं फोनवरचं बोलणं ऐकून तो हसला.

"मराठी काय? मग ताईच म्हणतो. गाव कुठचा तुमचा?"

"अकोला."

"आडनाव?"

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. हा प्रश्न मला लहानपणापासून कळतो. तो कशासाठी विचारतात, उत्तर ऐकल्यावर डोळे कुठे जातात, मग पाण्याचा ग्लास घेतात की "नको, आत्ताच पिऊन आलो" म्हणतात, सगळं कळतं. मी आडनाव सांगितलं, जरा जोरातच सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि खोकं उघडायला बसला. पाणी मी विचारलंच नाही, त्यामुळे ती परीक्षा झाली नाही.

त्याने फळीवर एक छोटं यंत्र टेकवलं. लाकडातली ओल मोजायचं मीटर. मग दुसऱ्या खोक्यातल्या फळीवर टेकवलं, मग तिसऱ्या. आकडा बघून त्याने मान हलवली.

"ताई, लाकडानं पानी घेतलान हाय. एसी चालू व्हता ना?"

"होता," मी म्हटलं.

इथे थांबते. 'होता' हा एक शब्द. मला तेव्हा तो खोटा वाटलाच नाही. दहा मिनिटं का होईना, रोज चालू केला होता. आणि समोरचा माणूस माझी उलटतपासणी घेतोय असं वाटत होतं.

"मग दोन-तीन दिस अजून थांबूया. आता बसवलं तर सुकल्यावर फळी आवळंल. फटी पडतील."

"शुक्रवारी माझ्या घरी कार्यक्रम आहे."

"कार्यक्रम टायलीवर बी होतो, ताई."

हे तो हसत म्हणाला. मला ते टोमण्यासारखं लागलं. मी म्हटलं, "तुम्ही काम करायला आलात ना? यल्ला, सुरू करा." तो पुन्हा म्हणाला, थांबूया. मी त्याच्यासमोर मॅनेजरला फोन लावला. तुमचा माणूस टाळाटाळ करतोय, म्हटलं. मॅनेजरने फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला. पलीकडून काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. फिटर दोनदा "जी" म्हणाला, फोन मला परत दिला, आणि गोंदाचा डबा उघडला.

दोन दिवस तो गुडघ्यांवर होता. खाचेत खाच बसवायचा, ठोकळा लावून हळू ठोकायचा, भिंतीशी बोटभर जागा सोडायचा. काम असं की आईसुद्धा दारातून बघत राहिली. "हातात कला हाय याच्या," ती म्हणाली. मी चिडून आत गेले.

शुक्रवार झकास झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं त्या मधाळ जमिनीवर मांडी घालून बसली, लोकांनी मोबाईल काढून जमिनीचे फोटो घेतले. आईने परतीचं तिकीट पुढे ढकललं, कारण तिला घर सोडवेना. आम्ही राहायला गेलो आणि मग एसी रात्रंदिवस चालू झाला, कारण आता घरात माणसं होती.

दोन आठवड्यांनी पहिली फट दिसली. मग दुसरी. पुढच्या आठवड्यात हॉलभर. नख जाईल एवढ्या, काही ठिकाणी नाणं उभं राहील एवढ्या. मला बसवेना. ऑफिसातून आले की बूट काढून, पर्स ठेवायच्या आधी फटींवरून पायाचा अंगठा फिरवत खोलीत येरझारा घालायचे. नवरा म्हणायचा, "अगं खाली बस." खाली बसलं की जास्तच दिसायच्या.

आणि मग तो मंगळवार. मी ई-मेल लिहिला, माझ्या पद्धतीने. दोषी एकच, फिटर. गुन्हा एकच, 'ओलाव्याची कोणतीही तपासणी न करता काम उरकले.' मागणी एकच, जमीन बदलून द्या आणि संबंधितावर कारवाई करा. ते मीटर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते नाटक आहे असं मी मनात ठरवून टाकलं होतं, म्हणून त्याला तपासणी म्हणायचं कारण नव्हतं. 'माझ्या मते' लिहिलं होतं, तेही खोडलं.

तासाभरात मॅनेजरचा फोन. "मॅडम, आप टेन्शन मत लो. पूरा नया डाल देंगे. और उस आदमी को साइट से हटा दिया है." माझ्या आयुष्यात एकही पत्रक इतकं चाललं नव्हतं.

दोन दिवसांनी कंपनीचा इन्स्पेक्टर आला. फटी मोजल्या, फोटो काढले. त्याने हिंदीत विचारलं, माल ठेवला होता तेव्हा एसी चालू होता का. मी 'हां' म्हणणार तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चालू कुठचा? रोज त मेन बंद करून येत होती तू. मीच शाबासकी देली तुले."

इन्स्पेक्टरला मराठी कळत नव्हतं. माझ्याकडे बघत होता. "क्या बोली माताजी?"

मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

त्याने शेवटी इंग्रजीत शेरा लिहिला, तो मला वाचून दाखवला. लाकूड ओलं असताना बसवलं गेलं. फिटरने नकार द्यायला हवा होता.

नकार द्यायला हवा होता! त्याने दोनदा दिला. एकदा हसून, एकदा न हसता. तिसऱ्यांदा द्यायला त्याच्यापाशी काय होतं? त्याचा व्हिसा कंपनीकडे, कंपनीचा कान माझ्याकडे.

इन्स्पेक्टर गेल्यावर आई म्हणाली, "त्या भाऊनं सांगतलं होतं ना तुले? म्या ऐकलं."

"आई, तुला माहीत नाही. त्याने आल्या आल्या आडनाव विचारलं."

"मंग? आडनाव इचारलं म्हून फळी वली झाली काय?"

तिने आयुष्यभर तो प्रश्न माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ऐकलाय. त्यानं तो कशासाठी विचारला ते मला माहीत नाही. समजा, सगळ्यात वाईट कारणासाठी विचारला. तरी मीटरवरचा आकडा खरा होता आणि माझी तक्रार खोटी होती. हे कळायला मला आईची गरज पडली, हेही लिहून ठेवते.

मग तरी खरं काय ते कंपनीला लगेच लिहिलं का? नाही. नवरा म्हणाला, "नवीन फ्लोअर बसू दे, मग लिही ना. आता लिहिलंस तर तेही गेलं." मी त्याला नावं ठेवली आणि नऊ दिवस त्याचंच ऐकलं. नऊ दिवस त्याच फटींवरून चालले. नवव्या दिवशी मॅनेजरला फोन केला, चूक माझी होती म्हटलं. "खलास मॅडम," तो म्हणाला, "केस क्लोज्ड है. क्यूं खोलना?"

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून तुबलीला गेले. गॅरेजांच्या रांगेत त्या कंपनीचं गोदाम आहे. फिटर बाहेर ट्रकमधून टाइलची खोकी उतरवत होता. गुडघ्याचे पॅड नव्हते. मला पाहून त्याने खोकं खाली ठेवलं, घाम पुसला, पण जवळ आला नाही.

"दादा, माझं चुकलं. मी सॉरी म्हणायला आले."

"सॉरी माझ्या फाईलला लागत नाय, ताई."

त्याने सांगितलं, पुढच्या महिन्यात त्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. फाईलमध्ये दोन कागद होते, माझा ई-मेल आणि इन्स्पेक्टरचा शेरा. तो म्हणाला, "फोनवर बोललात ते हवेत गेलं. कागद द्या. सहीचा."

मी तिथेच एका खोक्यावर कागद ठेवून आधी मराठीत कच्चं लिहायला बसले. आपोआप तेच जुनं सुरू झालं, 'कष्टकऱ्यांच्या' वगैरे. त्याने वाकून पाहिलं.

"ह्ये नको. भाषण नको. मीटर लावलान, तुमच्या समोर लावलान, असं लिवा. थांबूया म्हनालो, ते लिवा."

"लिहिलं."

"दोनदा म्हनालो."

'दोनदा' लिहिलं. एसी मी बंद ठेवत होते, तेही लिहिलं. फोन मी लावला, तेही. मग सगळं इंग्रजीत उतरवून, सही करून कागद त्याच्या हातात दिला. त्याने इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत सगळा वाचला, मोबाईलमध्ये फोटो काढला आणि कागद ऑफिसात द्यायला मलाच पाठवलं. "तुमी दिलात तर घेतील," तो म्हणाला. मॅनेजरने घेतला, नाराजीने. पोचेची सही मागितली, तीही दिली त्याने, आणखी नाराजीने. नवीन जमीन रद्द झाली. नवऱ्याने दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

हे लिहितेय तोवर फिटरच्या व्हिसाचा निकाल नाही. तो अजून खोकी उतरवतोय. मी दर गुरुवारी मॅनेजरला विचारते, तो 'इंशाल्ला' म्हणतो. कागदाने काही होईल की नाही मला माहीत नाही, आणि ते माहीत नसताना घरात एका जागी बसणं मला जमत नाही.

आता तुम्ही. तुमच्या मोबाईलमध्ये अशी एक तक्रार आहे. प्लंबरची असेल, ड्रायव्हरची असेल, घरकामाच्या बाईची असेल. ती शोधा. सावकाश वाचा. जी गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली नाही, किंवा पाहिली आणि उलटी लिहिली, ती ओळ लेखी मागे घ्या. फोनवर नको, त्या माणसाची माफी मागून भागवू नका. ज्याच्या टेबलावर त्याची फाईल आहे त्याला लिहा, सही करा, पोच घ्या. नऊ दिवस थांबू नका. आज लिहा.