मागांच्या आवाजाआड

श्रावणातल्या दुपारी वडगावच्या आमच्या मागांच्या शेडमध्ये ओल्या भिंतींचा, यंत्राच्या तेलाचा आणि खळ दिलेल्या सुताचा संमिश्र गंध दाटून येतो, आणि छपरातल्या काचेतून उतरलेला कवडसा अर्ध्या विणलेल्या पदरावर मांजरासारखा पसरून बसतो. भोवती यंत्रमागांचा अखंड खडखडाट. त्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही विणकर एकमेकांचे ओठ वाचतो. माझी वहिनी तर शेडच्या त्या टोकावरून आमटी अळणी झाल्याची तक्रार नुसत्या ओठांनी करते.

त्या आवाजाआड मी मनसोक्त गात असे. वयानं मोठी बाई धाकट्या पुरुषावर जीव टाकते, अशी ती अलीकडची गाणी. भाचीच्या मोबाइलवर लागली की मी नाक मुरडायची आणि मागावर मात्र तीच आळवायची. सरळच सांगते, माग दुरुस्त करायला येणारा महादेव मला आवडत होता. मी पन्नाशीकडे झुकलेली, बिनलग्नाची. तो सात-आठ वर्षांनी लहान, एकटाच राहणारा, आणि सगळ्यांसारखा मला 'आक्का' म्हणणारा. त्या एका हाकेसरशी माझ्या साऱ्या स्वप्नांना राखी बांधली जायची.

त्या दुपारी तो शेजारच्या बंद मागाखाली वाकून पट्टा बसवत होता. मी डोळे मिटून 'केसांत माझ्या चांदी आली, राजा, मिशी तुझी काळी' हे धृपद वरच्या पट्टीत लावलं, आणि नेमकी वीज गेली.

सगळे माग एकदम गप्प झाले. मी झाले नाही. 'काळी'वरची माझी तान त्या शांततेत एकटीच हिंडत राहिली.

"अगं बया! वन्सं, कुणाची वं मिशी ही?" वहिनी ओरडली. सगळी शेड खिदळली. धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते.

महादेव मागाखालून वर आला. त्याचा तेलकट हात नकळत मिशीकडे गेला आणि ती आणखीच काळी झाली.

"गाणं हाय ते नुसतं," मी म्हणाले.

"व्हय, ठावं हाय मला," तो म्हणाला. पुढं आक्का जोडलं नाही.

वीज आली, खडखडाट पुन्हा सुरू झाला. सुताची धूळ कवडशात तरंगू लागली, आणि तिच्यापलीकडे महादेवचे ओठ सावकाश हलले. गाण्याचं पुढचं कडवं होतं, त्या राजाच्या उत्तराचं.

इतक्या वर्षांत ओठ वाचताना मी कधी चुकले नाही. तरीही मी कानाशी हात नेला आणि मान हलवून खुणावलं, कळलं नाही, पुन्हा म्हण.