वनमालेचं अबोल पाणी

वनमाला धुरी गप्प बसलेली मालाडच्या त्या वाडीत कुणी पाहिली नव्हती. आमची ही झोपेतही बोलते, असं तिचा नवरा सहदेव गिरणीत सांगे, आणि सहदेव काही थापाड्या नव्हता. वाडीच्या विहिरीवर रहाटाआधी तिचा आवाज सुरू व्हायचा, आणि रहाट थांबला तरी तो आपला चालूच. त्यात वाईट काही नसे. कुणाकडे काय शिजलं, कुणाचा जावई रुसला, आरे कॉलनीत म्हशींचा थाट कसा आहे, असलंच काहीबाही. पोटात पाप नाही आणि तोंडाला कुलूप नाही, एवढाच काय तो प्रकार.

अशा बाईच्या नशिबी अबोल पाणी यावं, याला काय म्हणायचं?

झालं असं, की चोपन्न सालच्या थंडीत तिच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, तापानं आडव्या झाल्या. आठ दिवसांनी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, दुखणं संपलं, आता खाऊ घाला. पण म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. चहाचे दोन घोट घेई. ताट मात्र आलं तसं परत. चार दिवसांत तिचा हात धरला तर नुसतं हाड लागायला लागलं.

पाचव्या दिवशी ती बोलली. "गावाक कोण आजारी पडला, की डोंगरातल्या झऱ्याचा अबोल पाणी हाडीत. त्या पाण्याची पेज दिल्यात तर खाईन. नायतर माका काय नको."

अबोल पाण्याचा नेम सोपा. झऱ्यात कळशी बुडवली, की ती आजाऱ्याच्या उशाशी ठेवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि कळशी वाटेत टेकवायची नाही. शब्द निघाला, की पाणी बाटलं. तिथंच ओतून द्यायचं. आणि आणायचं घरच्या सुनेनं.

सहदेवनं कपाळाला हात लावला. "आई, दुसरं काहीतरी माग ना!"

सासूसुनेचं वाकडं नव्हतं, पण फार गूळपीठही नव्हतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात रुक्मिणीबाईंनी विचारलं होतं, "अगो, तुझ्या तोंडाक दार आसा काय नाय?" तेव्हापासून वनमाला त्यांना 'सासूबाई' म्हणे. 'आई' हा शब्द तिनं अंधेरीला, माहेरीच ठेवून दिला होता, आणि तिकडची आई वारल्यावर तर तो वापरातूनच गेला. पण म्हातारी जेवेना म्हणून वनमालेच्याही घशाखाली घास उतरत नव्हता, हे खरं. तिनं पदर खोचला, चुंबळ घेतली आणि निघाली.

आरेच्या बाजूच्या टेकडीवर, कारवीच्या मागे, खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार पडायची. कळशी भरायला वेळ लागे, पण पाणी असं गोड, की वाडीच्या मचूळ विहिरीची लाज वाटावी. भरली कळशी डोक्यावर घेऊन वनमाला उतरू लागली. निम्म्या वाटेवर म्हशी चारणारा काशीराम भेटला.

"वहिनी, सासूबाई कशा आहेत?"

"काय सांगू काशीरामभाऊ, काही खातच नाहीत हो! काल मऊ भात केला, वर लोणकढं तूप..." असं सगळं साग्रसंगीत सांगून झालं, त्याचा निरोप घेऊन झाला, ती फर्लांगभर पुढे आली, आणि मग तिला आठवण झाली. तिनं पाणी ओतलं, स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा चढली.

दुसऱ्या खेपेला काशीरामला तिनं ओळखही दाखवली नाही. वाडीच्या तोंडाशी मात्र शेजारची नलिनी आडवी आली.

"का गं, हाका मारतेय तरी बघत नाहीस? शिष्ट झालीस का?"

वनमालेनं ओठांवर बोट ठेवलं.

"दाढ दुखते?"

वनमालेनं मान हलवली, डोळे वटारले, कळशीकडे बोट केलं.

"मानेत उसण भरली?"

"उसण कसली डोंबलाची! अबोल पाणी आहे गं, बोलता येत नाही मला!"

वनमालेनं जीभ चावली. मग नलिनी हळूच म्हणाली, "मी नाही कुणाला सांगत. जा घेऊन."

"तू नाही सांगणार," वनमाला म्हणाली. "पण हे म्हातारीच्या पोटात जायचंय ना." आणि तिनं कळशी उपडी केली. डोळे भरून आले होते.

नलिनीनं कुणाला सांगितलं नाही, म्हणजे संध्याकाळपर्यंत फक्त अख्ख्या वाडीला कळलं.

दुसऱ्या दिवशी वनमालेनं झऱ्यावर कळशी भरण्याआधी गालात अख्खी सुपारी धरली. बोलायला तोंड उघडलं, तर सुपारी आठवण करील. काशीराम बिचारा तिला येताना बघून म्हशींकडे तोंड करून उभा राहिला. वाटेतल्या मोरीवर दोन बाया बोलत होत्या, की बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नाही घातली तरी चालतात. नाही घातली तरी चालतात! वनमालेचा जीव कासावीस झाला. सुपारी दाताखाली कुडकुड वाजली, पण बाई बोलली नाही. वाडी आली, विहीर गेली, आता फक्त कोपरा वळला की घर.

ती कोपरा वळली आणि थबकली.

दाराशी माणसंच माणसं. पायरीखाली चपलांचा ढीग. पुरुष हात बांधून उभे, बाया दाटीवाटीनं ओट्यावर; कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. नलिनीनं तोंडाला पदर लावला होता. अशी गर्दी आणि अशी शांतता कोणत्या दारात असते, ते वनमालेला ठाऊक होतं. अंधेरीला तिनं ती एकदा पाहिली होती.

"आई!"

सुपारी कुठल्या कुठे उडाली. कळशी छातीशी धरून ती धावली, निम्मं पाणी अंगावर सांडलं. "आई गो! आई!"

गर्दी दचकून बाजूला झाली. कुणाला काही झालं नव्हतं. ही मंडळी वनमाला धुरी न बोलता घरी येते की नाही, ते पाहायला जमली होती, आणि तिला बोलायला लागू नये म्हणून तर शहाण्यांनी तोंडं मिटून घेतली होती. नलिनी पदराआड हसू दाबत होती.

वनमालेला हे कळलं आणि तिथंच पायरीवर बसून, कळशी मांडीवर घेऊन, ती रडली. मग नाक पुसून उठली, कळशी पुन्हा डोक्यावर चढवली आणि टेकडीकडे वळली.

"खंय चाललंस?" आतून आवाज आला.

म्हातारी दाराची चौकट धरून उभी होती. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"पाणी बाटलं, सासूबाई," वनमाला म्हणाली. "मी बोलले. दुसरं आणते."

"आयकलंय मी. सगळ्या वाडीन आयकला." रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माझ्या पोटच्या चेडवानसुद्धा माका अशी हाक मारूक नाय कधी. तांच पाणी हाड भितर, आणि पेज ठेव."

कळशीत उरलं होतं तेवढ्याच पाण्याची पेज झाली. म्हातारीनं वाटीभर खाल्ली, मिठाचा खडा कमी म्हणून कुरकुर केली आणि आणखी अर्धी वाटी मागितली. वनमाला शेजारी बसून तिरफळांचं सांगत होती.

"अगो, जरा गप रव," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"हो आई," वनमाला म्हणाली, आणि सांगत राहिली.