चौदा पोरांची पडकई

पिंपरीत कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी तिथं टाइम ऑफिसात कारकून होतो. गेटातून किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली, हे टिपणं माझं काम. मजुरांत खेडच्या पश्चिमेच्या डोंगरातले महादेव कोळी बरेच होते. नवरा-बायको दोघंही कामावर येत आणि त्यांची लहान पोरं कुंपणाबाहेर खडीच्या ढिगावर बसून राहत. एका दुपारी मी ती मोजली. सतरा भरली. घरी आल्यावर बायकोला आकडा सांगितला.

"मोजून पुढं काय केलंत?" तिनं विचारलं.

पुढं काहीच केलं नव्हतं. मग तिनंच केलं. आमच्या चाळीतल्या चार बायका जमवल्या, सिमेंटच्या गोदामाशेजारची रिकामी शेड मागून घेतली आणि तिथं बालवाडी सुरू झाली. पोरांना सांभाळायला मजुरांच्याच वस्तीतली एक बाई मिळाली. बांधकामाच्या परांचीवरून पडून तिचा पाय दुखावला होता, त्यामुळे पाट्या उचलणं बंद झालं होतं. बालवाडी नसती तर तिला डोंगरात परतावं लागलं असतं, आणि तिथं तिच्या वाट्याला जमीन नव्हती. पोरं तिच्या अंगाखांद्यावर असत. तिची स्वतःची चार वर्षांची मुलगी मात्र गावी, तिच्या आईजवळ होती. म्हातारी नातीला पाठवायला तयार नव्हती. दोनदा ही आणायला गेली आणि दोनदा रिकाम्या हातानं आली.

"म्हणती, कारखान्याच्या वाऱ्यानं पोर वाळंल," ती माझ्या बायकोला सांगायची. "हितली पोरं बघाया ये म्हणलं, तर म्हणती, माझं काय काम तिथं."

वर्षभरानं कारखान्याच्या पुण्यातल्या कचेरीतून पत्र आलं. तपासणी होईल, आणि पटावर वीस मुलं असली तर बाईला पगारी जागा, शिवाय शेड बालवाडीकडे कायम. वीस नसली तर शेड सिमेंटला परत. पट मीच लिहायचो; त्यावर तेव्हा एकोणीस होती. मी सगळी वस्ती झोपडीनिहाय दोनदा फिरलो. अडीच वर्षांवरचं आणि सहाच्या आतलं विसावं मूल कुठंच नव्हतं.

शनिवारी मी बाईला ते सांगितलं. तपासणी सोमवारी होती.

"किती कमी हायती, दादा?"

"एक."

"बरं," ती म्हणाली, आणि दुपारी लंगडत खेडच्या रस्त्याला लागली. मला वाटलं, मुलीला आणायला तिसऱ्यांदा निघाली.

सोमवारी सकाळी कांद्याचा एक ट्रक वस्तीपाशी थांबला. मागची फळी पडली आणि पोत्यांवरून पोरं उतरू लागली. मी सवयीनं मोजत गेलो. चौदा. पंधरावी एक काटक म्हातारी, काठी आधी खाली टाकून मग स्वतः उतरली. त्या चौदांतलीच एक मुलगी तिच्या पदराला धरून होती.

"हे काय?" मी बाईला विचारलं.

"पडकई केली," ती म्हणाली. कुणाला बैल देऊन यावं इतक्या सहज.

डोंगरात एखाद्याला भाताच्या खाचराला बांध घालायचा असला की गावातल्या प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचं, आणि पुढं त्यानं ते फेडायचं; त्याला ते लोक पडकई म्हणतात. हिनं गावात जाऊन शेड जाईल म्हणून सांगितलं होतं, आणि चौदा घरांनी एकेक पोर दिलं होतं. त्यात तिची मुलगीही होती. म्हातारी पोरांवर लक्ष ठेवायला आली होती आणि संध्याकाळच्या ट्रकनं चौदाही परत नेणार होती.

"अहो, एकच हवं होतं," मी म्हणालो. "आणि तेही इथं राहणारं."

"एकच आणलं असतं तर बाकीची घरं रुसली असती," बाई म्हणाली.

दहा वाजता तपासनीस बाई आल्या. शेडमध्ये तेहतीस पोरं, पाय ठेवायला जागा नाही. त्यांचा चेहरा खुलला. माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी काय करणार हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला फारसं आवडलेलं नव्हतं.

"पटावर एकोणीस आहेत," मी म्हणालो. "बाकीची चौदा पाहुणी."

"पाहुणी?"

मी पडकई समजावून सांगितली. त्या हसल्या, पण त्यांनी पेन मिटलं. "तुम्ही खरं सांगितलंत हे बरं झालं. पण मला एकोणीसच लिहावी लागतील."

आमच्या बाईच्या कडेवर एक पोर होतं. ती पोराचं नाक पुसत राहिली.

म्हातारी एवढा वेळ पोरांचे दंड चाचपत हिंडत होती. तिनं भुकटीचं दूध चाखलं, पाण्याच्या पिंपात डोकावून पाहिलं. आता ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही पोरं फुगलेली हायती का भरलेली?"

"दर महिन्याला वजन करतो, आजी. आकडे दाखवू?"

"आकडं नगं. तराजू हाय का?"

गोदामात खिळे तोलायचा मोठा तराजू होता. त्यावरच मी वजनं घेत असे. म्हातारीनं एका पारड्यात आपली नात बसवली आणि लेकीला म्हणाली, "हिच्याच सालातली दुसरी दे." बाईनं बालवाडीतली एक मुलगी दुसऱ्या पारड्यात ठेवली. दोघी साखळ्या धरून खिदळू लागल्या. तराजू थोडा वेळ झुलला आणि बालवाडीचं पारडं सावकाश खाली बसलं. नात वरून सगळ्यांकडे बघत होती.

"हिचा फ्रॉक जड असंल," म्हातारी म्हणाली.

"मग काढून तोल," लेक म्हणाली. "तुझ्या बोरमाळंसकट तुझी नात वर हाय."

म्हातारीनं नातीच्या गळ्यातली बोरांच्या बियांची माळ सारखी केली. नात आणखी झुलायचं म्हणून हटून बसली होती.

"ऱ्हाऊ दे हिला," म्हातारी म्हणाली. "पर मी बी ऱ्हाणार. तुमच्या दुधात पानी लई हाय."

मी तिथंच पट उघडला आणि विसावं नाव लिहिलं. तपासनीस बाईंनी शाई वाळू दिली, मग पेन उघडून पटाखाली सही केली. बाईनं मुलीला पारड्यातून उचललं, आणि कडेवरचं आधीचं पोर माझ्या हातात आलं.

तेरा पोरं संध्याकाळी परत गेली; म्हातारी त्यांना पोचवून दुसऱ्या दिवशी परतली. उन्हाळा लागताच म्हातारीनं मला शेडच्या दारात अडवलं. गावात बांधाची कामं निघाली होती.

"पडकई फेडायची हाय."

"तेरा माणसं," मी म्हणालो. "एक पोर तर इथंच राहिलं."

तिनं बोटांवर मोजून पाहिलं. "व्हय, तेराच. तू हिशेबाचा पक्का हायेस."

चाळीतून मला धरून बाराच गडी जमले. सगळ्यांनी एकेक दिवस बांध घातला आणि बाकीचे रविवारी ट्रकनं परतले. तेराव्या माणसाचा दिवस भरायला मी मागं राहिलो. म्हातारी मुद्दाम गावी आली होती. ती बांधाच्या टोकाला बसून माझ्या पाट्या मोजत होती, आणि अर्धी भरलेली एकही पाटी धरत नव्हती.