मन्मथ पीत नव्हता

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोला पण नाही — आणि तिला मी काय काय सांगतो ते तुम्ही ऐकलं तर म्हणाल, या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. खरंच भिजत नाही. कुणाच्या गाडीखाली काय निघालं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं संध्याकाळच्या चहाला घरी पोचलेलं असतं. पण हे एक — सहा वर्षं झाली बघा — आत बसलंय ते बसलंच. तुम्हालाच का सांगतोय? काय की. तुम्ही चाकूरचे नाही, म्हणून असेल.

चाकूरला, लातूर-नांदेड रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. त्याच जागेवर माझे अब्बा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. मला सगळे उस्ताद म्हणतात. कुणी सुरू केलं माहीत नाही — बरं, माहीत आहे, मीच केलं. बोर्ड रंगवून घेतला : 'उस्ताद गॅरेज, स्टेअरिंग स्पेशालिस्ट'. बोर्डावर लिहिलं की लोक म्हणायला लागतात, आणि लोक म्हणायला लागले की आपल्याला पण खरं वाटायला लागतं. तिथंच सगळा घोळ आहे.

आमच्याकडं विरभद्रअप्पा म्हणून डाळीचे व्यापारी आहेत. त्यांची एक जुनी पिकअप. लातूरच्या मिलमधून तूरडाळ उचलायची आणि पार नायगावपर्यंतच्या दुकानांना पोचवायची, हे तिचं काम. सुगीत मात्र रानारानातून सोयाबीन आणायची, आणि काळ्या रानात जरा ओल असली की बाई पोटावरच बसायची. मग ट्रॅक्टर आणा, साखळी बांधा, शिव्या खा. एक दिवस अप्पा म्हणाले, "उस्ताद, हिला चार बोटं वर उचल."

मी तोवर जन्मात एकही गाडी उंच केलेली नव्हती. पण उस्ताद कधी नाही म्हणतो का?

गाडी उंच करायची म्हणजे पुढच्या-मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटे घालायचे आणि टायर मोठे टाकायचे. दिसायला सोपं. पण गाडी वर गेली की पुढच्या एक्सलचा कल बिघडतो. तो जागेवर आणायला पाटा आणि एक्सल यांच्या मधे दोन्ही अंगाला लोखंडाची एकेक पाचर घालतात — एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ. जाड बाजू कुठल्या तोंडाला हवी याला लई महत्त्व आहे. ते सांगतोच. जरा दमानं घ्या, मला दमानंच जमणार आहे.

दोन दिवसांत गाडी उभी केली. काय दिसत होती! शाळेतली पोरं, पानवाला, बँकेतला शिपाई, सगळे फोटो काढून गेले. मी त्याच दिवशी पेंटरला बोलावून बोर्डावर एक ओळ वाढवली : 'पिकअप उंच करून मिळेल, गॅरंटीसह'.

आता मन्मथ. मन्मथ अप्पांच्या गाडीवर ड्रायव्हर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही. चहासुद्धा अर्धाच, आणि तो पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. असला माणूस.

तिसऱ्याच दिवशी तो गॅरेजवर आला. "उस्ताद, स्टेरिंग सरळ धरलं तरी गाडी हिंडायलीय."

आणि खरंच हिंडत होती. वळण घेतलं की स्टेअरिंग आपलं आपण परत यायला पाहिजे ना? येत नव्हतं, ओढून आणावं लागायचं. साठच्या पुढं गेली की कुत्र्यागत रस्ता हुंगत चालायची, घटकेत या कडेला, घटकेत त्या. मी टाय रॉडचे एंड बदलले. बेअरिंग बदलले. लातूरला पाठवून अलाइनमेंट करून आणलं. तिथल्या माणसानं चाकं सरळ केली, त्याचं काम तेवढंच. शेवटी मी स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू असा आवळला, असा आवळला — की गाडी हिंडायची ती हिंडायचीच, वरून स्टेअरिंग जड. मन्मथ दोन्ही हातांनी तिच्याशी कुस्ती खेळत नायगावला जायचा आणि कुस्ती खेळत परत यायचा. खाली उतरला की खांदे भरून आलेले, हात थरथर कापायचे, चालताना तोल जायचा.

कळलं ना, काय झालं असेल?

पहिल्यांदा कोण म्हणालं ते ठाऊक नाही. कसम, तो मी नव्हतो. पण आठ दिवसांत अख्ख्या चाकुरात एकच — मन्मथ प्यायला लागला. तोंडाचा वास येऊ नये म्हणून त्यानं बडीशेप खायला सुरुवात केली, म्हणजे नेहमीच्या तोंडाचाच वास, दुसरा कुठला येणार? तर लोक म्हणाले, बघा, वास लपवायलाय. त्यानं बडीशेप बंद केली. तर म्हणाले, आता वास न येणारी घेतो. महादेवाच्या देवळात जाऊन त्यानं हातावर बेल ठेवून शपथ घेतली. पुजाऱ्यानं बाहेर येऊन सांगितलं, शपथ घेतली खरी, पण हात कापत होता.

अप्पांनी नियम केला : रोज सकाळी किल्ली द्यायच्या आधी मन्मथनं तोंड उघडायचं आणि अप्पांनी वास घ्यायचा. आता अप्पांना तपकिरीची सवय, पन्नास वर्षांची. त्यांना तुळस आणि टरपेंटाईन यातला फरक कळत नाही. पण रोज वास घ्यायचे आणि रोज म्हणायचे, "हं, काय तरी हाय."

तुम्ही हसताय. हसा, आम्ही पण हसलो. मी सगळ्यात जास्त. पानाच्या ठेल्यावर मन्मथ गाडीतून कसा उतरतो याची नक्कल मी इतकी झकास करायचो, की लोक मुद्दाम थांबून करायला लावायचे.

पण त्याची मोठी पोरगी होती, गौरी. उदगीरच्या एका घरात तिची सोयरीक ठरत आलेली. चांगली माणसं, सोवळ्यातली, किराण्याचं दुकान. बोलणी झालेली, साखरपुड्याचा वार तेवढा काढायचा राहिला होता. आणि नशीब बघा, मुलाचा बाप लातूरला काही कामाला आलेला, मोटारसायकलवर, आणि त्याच्या पुढं रस्त्यात कोण? तर अप्पांची पिकअप. तो उजवीकडून काढायला बघतो, गाडी उजवीकडं. तो डावीकडून, गाडी डावीकडं. पाऊण तास तो बिचारा हॉर्न वाजवत मागं. शेवटी त्यानं कसंबसं पुढं जाऊन आत बघितलं, तर होणारा व्याही. घामानं निथळलेला, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी निरोप आला : बाप पितो त्या घरची पोरगी आम्हाला नको.

त्यानंतर मन्मथ माझ्याकडं आला होता. गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि चाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "उस्ताद, हिच्यात काय तरी हाय. बघा ना एकदा. माझ्या पोरीसाठी बघा." आणि गाडी ठेवून पायी घरी गेला.

मी बघितलं. तोवर काय बघत नव्हतो का? बघत होतो — पण आपण केलेलं काम सोडून सगळं. त्या दिवशी पहिल्यांदा मी समोरून खाली शिरलो. गाडी उंच केली तेव्हा पुढच्या अंगाला ऊन होतं, म्हणून मी मागच्या बाजूनं शिरलो होतो, म्हणजे पुढचं ते मागं नि मागचं ते पुढं दिसत होतं, आणि सगळा वेळ बाहेर बसलेल्या पाच-सहा जणांना स्टेअरिंग म्हणजे काय चीज असते त्यावर भाषण देत होतो. जाड बाजू मागं पाहिजे. मी जाड बाजू पुढं बसवली होती. दोन्ही पाचरी, दोन्ही उलट्या. बैलगाडीवाल्याच्या पोराला न शोभणारी चूक.

ही चूक झाली. ही मी सांगितली असती हो. हसले असते लोक चार दिवस, बोर्डावरची एक ओळ पुसली असती. यासाठी कुणी सहा वर्षं तोंड दाबून बसतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. एकटेच. खुर्चीवर बसले, तपकीर ओढली आणि म्हणाले, "उस्ताद, मन्मथ अठरा वर्षं हाय माझ्याकडं. मला पटंना. तू इमानानं सांग. गाडीत काय दोष हाय का?"

बोर्ड त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होता. बाहेर दोघं जण आपापल्या पिकअप घेऊन उभे होते, उंच करायला. मी हात पुसले. लई वेळ पुसले.

आणि मी म्हणालो, "अप्पा, गाडी एकदम ओके आहे. माणूस बघा."

हे मी केलं. ठाऊक नसताना नाही. आदल्या दिवशी डोळ्यांनी बघून, हातानं चाचपून मग केलं. अप्पांनी मान खाली घातली आणि होकाराचं नुसतं "हाव" म्हणाले.

अप्पा गेल्यावर मी ग्रीस भरायचं आहे म्हणून शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही पाचरी काढून फिरवून बसवल्या. दोन तासांचं काम. गाडी अशी सरळ पळायला लागली, की मन्मथ नायगावहून परत आला तो रडतच खाली उतरला. "काय केलंत उस्ताद?" म्हणाला. मी म्हणालो, ग्रीस घातलं.

आता तुम्हाला वाटेल, गाडी सरळ झाली, प्रश्न मिटला. मला पण तसंच वाटलं होतं. पण लोकांनी काय बघितलं? अप्पांनी त्याला कोपऱ्यात घेऊन दम भरला आणि दुसऱ्याच दिवसापासून मन्मथ सरळ गाडी चालवायला लागला. हात कापत नाही, तोल जात नाही. सगळीकडं बोभाटा : मन्मथनं सोडली!

तो जीव तोडून सांगायचा, अरे मी घेतच नव्हतो, गाडी नीट झालीय. लोक विचारायचे, काय केलं गाडीला? तो म्हणायचा, उस्तादनं ग्रीस घातलं. लोक पोट धरून हसायचे. ग्रीसनं कधी गाडी सरळ होते का?

अप्पांना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की श्रावणातल्या सोमवारी त्यांनी महादेवाच्या देवळात महाप्रसाद ठेवला आणि मन्मथचा सत्कार. व्यसनमुक्तीबद्दल. शाल, श्रीफळ, हार. आणि उदगीरच्या लोकांना मुद्दाम बोलावणं धाडलं. मन्मथ सत्काराला नाहीच म्हणत होता. तेव्हा अप्पांनी त्याला साफ सांगितलं : हार घालून घेतलास तर पोरगी उजवंल, न्हाई म्हणलास तर ते समजतील अजून चालूच हाय.

मन्मथनं मान वाकवली. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसानं दारू सोडली म्हणून हार घालून घेतला, तीनशे लोकांसमोर. आणि त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला कुणाला उभं केलं असेल? हाव. मलाच. मी माईक हातात घेऊन बोललो, माणसानं मनात आणलं तर तो सरळ रस्त्यावर येतोच. लई टाळ्या पडल्या. मला बोलता चांगलं येतं.

लग्न झालं. उदगीरचे लोक मानानं वागले, फक्त त्यांचे दोन जण अख्खा दिवस मन्मथच्या मागं मागं होते, पाण्याचा ग्लास उचलला तरी डोकावून बघायचे. पाठवणीला गौरी गळ्यात पडली आणि मन्मथ लहान लेकरागत हुंदके द्यायला लागला. माझ्या शेजारी उभा एक पाहुणा दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "आज घेतली वाटतं." मी ऐकलं. मी तिथंच उभा होतो, फेटा बांधून, आणि तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी मन्मथ गॅरेजवर आला. हातात बुंदीच्या लाडवांचा डबा. बसला. मी अर्धा चहा मागवला. त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, एक बोलायचं होतं. अप्पानं वास घेतला, पुजाऱ्यानं घेतला. घरात बायकोनं पण घेतला, मी झोपलोय समजून. गावात तुम्ही एकटेच. तुम्ही मला एकदा पण विचारलं न्हाई, पितो का म्हणून. ते मी मरंपर्यंत विसरणार न्हाई."

त्यानं डबा उघडून पुढं केला. मी एक लाडू खाल्ला. त्यानं आग्रह केला म्हणून दुसरा पण खाल्ला.

विचारलं नव्हतंच मी. मला माहीत होतं.