मॅनेजर का व्हायचंय?

मी बी.कॉम. झालो त्याच वर्षी अप्पांची गिरणी बंद पडली. पहिला महिनाभर सगळे म्हणत होते, पंधरा दिवसांत भोंगा वाजेल. मग कुणी तसं म्हणेनासं झालं. अप्पा तिथं जॉबर होते. त्यांच्या ओळीतले माग आणि त्यांवरची माणसं, दोन्ही चालती ठेवणं हे त्यांचं काम. आता ते सकाळी सवयीनं दाढी करत आणि कुठंच जात नसत.

अशात मला पुण्याहून पत्र आलं. कॉलेजातल्या एका सरांच्या आग्रहानं मी तिथल्या एका मॅनेजमेंटच्या संस्थेची लेखी परीक्षा दिली होती. मी पास होईन असं सरांनाही वाटलं नसावं. आता सहा आठवड्यांनी मुलाखत होती आणि ती इंग्रजीत. आमच्या घरात मराठी, समोरच्या घरात कानडी, शेजारच्या विणकरांच्या घरात तेलुगू. इंग्रजी बोलणारं माणूस अख्ख्या गल्लीत एकच होतं.

ते काका गल्लीच्या टोकाला एकटे राहत. गिरणीच्या ऑफिसात तीस वर्षं त्यांनी साहेबांची पत्रं लिहून घेतली आणि टाइप केली होती. माझं पत्र त्यांनी उभ्यानंच दोनदा वाचलं. "उद्यापासून रोज संध्याकाळी ये," म्हणाले. "आणि मराठी चपलांबरोबर बाहेर ठेवून यायचं."

ते प्रश्न विचारत, मी उत्तर लिहायचं, ते लाल पेन्सिलीनं सुधारत आणि मग मी ते पाठ करायचं. देशांच्या राजधान्या, पंचवार्षिक योजना, कापड उद्योगाचं भवितव्य. त्यांच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्य 'कळविण्यास आनंद होतो'सारखं सुरू व्हायचं. ते मला बोलायला नव्हे, पत्र सांगायला शिकवत होते, हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा रोज माझ्यासोबत येत आणि उंबऱ्याशी बसून ऐकत. त्यांना इंग्रजी कळत नसे. एकदा काकांनी माझं उत्तर तिसऱ्यांदा खोडलं तेव्हा अप्पांनी विचारलं, "काय इचारलं त्येंनी?"

"मॅनेजर का व्हायचंय, असं विचारलंय," मी म्हणालो.

"मग सांग की. मॅनेजरच्या खोलीत पंखा असतो म्हणून."

मला हसू आलं. काकांना नाही आलं. "मुलाचं नुकसान करू नका," ते म्हणाले. "असलं बोलणं तिथं चालत नाही."

"व्हय, ते बी खरंच," अप्पा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते यायचे थांबले. मी त्यांना 'चला' म्हटलं नाही. खरं तर मला बरंच वाटलं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. वाटेत केम स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा मी फलाटावर फेऱ्या मारत उत्तरं पुटपुटू लागलो. भाजीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. "कुणाशी बोलतोस रं बाबा?" तिनं विचारलं.  मी डब्यात जाऊन बसलो.

मुलाखतीला तिघं होते. त्यातल्या पिकल्या केसांच्या गृहस्थांनी माझा अर्ज चाळला आणि इंग्रजीत विचारलं, वडिलांची गिरणी का बंद पडली? मी कापड उद्योगाच्या भवितव्यावरचं पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि चक्क मराठीत म्हणाले, "ते राहू द्या. तुमचे वडील काय म्हणतात? मराठीत सांगा."

अप्पा काय म्हणतात ते मी वर्षभर जेवताना ऐकलं होतं. स्वस्तातला कापूस, घडीघडीला तुटणारं सूत, तीन माग चालवायला चौथ्याचे भाग काढायचे. सगळं मला ठाऊक होतं. पण सहा आठवडे मी जे बाहेर ठेवून आत गेलो होतो, ते आयत्या वेळी हाताशी येईना.

"वडील फार शिकलेले नाहीत, सर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि अर्ज मिटला. बाकीच्या दोघांनी काही विचारलंच नाही.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "काय काय इचारलं?"

"राजधान्या," मी म्हणालो.

"आल्या का सगळ्या?"

"आल्या."

नकाराचं पत्र महिन्याभरानं आलं. काकांनी चष्मा पुसून ते वाचलं. "भाषा मात्र सुंदर आहे," म्हणाले आणि घडी घालून परत दिलं. मी अक्कलकोट रोडवर टॉवेलच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो. अप्पांसाठीही तिथं विचारलं होतं. वय झालंय, असं उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी काका वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन स्वतः घरी आले. पुण्याच्या संस्थेचे प्रवेश अर्ज निघाले होते. "यंदा आपण आधीपासून तयारी करू," ते म्हणाले. मी कात्रण घेतलं. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "भरलास?" मी भरला म्हणालो. भरला नव्हता. तो सगळा उन्हाळा काका पोस्टमनला गल्लीच्या तोंडाशीच गाठून विचारत राहिले, पुण्याचं काही आहे का.