फोटोमास्तरांचे लाल ठिपके

पडदा वर जातो आणि आतलं घर दिसू लागतं, तसं त्या सकाळी झालं होतं. फक्त इथे पडदा वर गेला नव्हता, भिंत खाली आली होती. रात्रीच्या भूकंपात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुमजली घराची पुढची बाजू रस्त्यावर ढीग होऊन पडली होती आणि वरची खोली सगळ्या जगाला उघडी होती. पलंगावर अर्धवट घडी केलेली चादर. खुंटीवर शर्ट. मागच्या भिंतीवर नवरा-बायकोचा फोटो, थोडा तिरका झालेला, पण काच शाबूत. खोलीत पात्र मात्र एकही नव्हतं. पात्रं सगळी खाली रस्त्यावर, हाताला लागेल ती चप्पल पायात अडकवून, माना वर करून आपल्याच घराकडे परक्यासारखी बघत उभी होती.

त्या गर्दीतून वाट काढत एक उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ पुढे आले. दंडाला स्वयंसेवकाची पिवळी पट्टी, हातात मोबाईल. त्यांनी भिंतीवरच्या त्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा मीच काढलाय. नवरदेवाला सारखी शिंक येत होती. शेवटी मी म्हटलं, आता शिंकलास तर तसाच छापीन."

घराची मालकीण डोळ्यांना पदर लावून बसली होती, ती रडता रडता हसली.

हे फोटोमास्तर. बारशापासून पासपोर्टपर्यंत या भागातल्या माणसांचे चेहरे त्यांनीच टिपलेले. रडक्या पोराला हसवायचं कसं, हसऱ्या पोरीला गंभीर करायचं कसं, आणि एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांना एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसवायचं कसं, हे सगळं त्यांना यायचं. एक गोष्ट मात्र त्यांना खपत नसे. चौकटीत काही कापलं गेलेलं. कुणाचा पाय कापला, कुणाचा केसांचा अंबाडा कापला, की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. सगळं मावेपर्यंत ते मागे मागे सरकत. एका लग्नात असेच सरकत सरकत ते स्टेजवरून थेट मंडपात पडले होते. पडता पडता बटण दाबलं होतं, आणि तो फोटो त्या अल्बममधला सगळ्यात चांगला निघाला, असं ते शपथेवर सांगत.

पुढे मोबाईल आले. ज्याचा तो फोटोग्राफर झाला. स्टुडिओतले दिवे लागेनासे झाले आणि मास्तर तिथेच मागच्या खोलीत राहू लागले. म्हणून भूकंपानंतर बंद शाळेच्या वर्गात जेव्हा स्वयंसेवकांची नोंदणी सुरू झाली आणि मोबाईलवरून पडझडीचे फोटो पाठवायचे आहेत असं कळलं, तेव्हा हे सगळ्यांत आधी हजर.

"याने माझा धंदा बसवला," हातातला मोबाईल नाचवत ते म्हणाले. "आता याच्याकडून थोडी हमाली करून घेतो."

केंद्र चालवत होती एक कॉलेजातली मुलगी. जाड भिंगांचा चष्मा, आवाज बसलेला, झोप नाही. सगळे तिला चष्मेवाली म्हणत आणि तिचा त्याला विरोध नव्हता. तिने सगळ्यांना ॲप शिकवलं. घराचा फोटो काढायचा. रंग निवडायचा. हिरवा म्हणजे राहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे दुरुस्ती लागेल, लाल म्हणजे आत पाऊल नको. मग 'पाठवा'वर बोट. पत्ता लिहायची गरज नाही, जागा फोनला आपोआप कळते. लाल ठिपका नकाशावर उमटला की इंजिनिअर आणि सुतारांची टोळी लाकडी टेकू घेऊन तिथे पोचणार, घराला आधार देणार आणि माणसांना बाहेर काढणार.

"आपोआप?" मास्तर खूष झाले. "वा! आमच्या वेळी रोल धुवायलासुद्धा अंधारात बसावं लागायचं."

तरुण पोरं भराभर कामाला लागली. दारात जायची, तडा दिसला की मोबाईल भिंतीला टेकवल्यासारखा धरून फोटो काढायची, पुढच्या दाराला. मास्तरांना ते बघवेना. नुसता तडा? घर कुठाय? कोणाच्या अंगावरचा तडा आहे हे कळायला नको? त्यांच्या वाट्याला आलेली गल्ली अरुंद, घरं एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी सारखी. सगळं घर चौकटीत यायचं तर मागे जायला हवं. मास्तर मागे सरकत. गल्ली ओलांडून पलीकडच्या घराची पायरी चढत, कधी त्यांच्या ओसरीत, कधी तर थेट त्यांच्या बाहेरच्या खोलीत जाऊन उभे राहत. घर छपरापासून उंबऱ्यापर्यंत नीट मावलं की मगच बटण दाबत. पलीकडची माणसं कौतुकाने त्यांना खुर्ची देत.

गल्लीच्या शेवटी त्यांच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. निवृत्त नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे, आणि सख्खा भाऊ मात्र ताई. यजमान गेल्यापासून ती वरच्या मजल्यावर एकटीच राहायची. मास्तर जिना चढून गेले तेव्हा ती खाली पडलेल्या बाटल्या पुसून फळीवर लावत होती. मागची भिंत छपरापासून सुटली होती. फटीतून आभाळाची पट्टी दिसत होती.

"ताई, चल माझ्याकडे."

"तुझ्या त्या खोलीत? तिथे तुझा तू मावत नाहीस, लंब्या."

"चेष्टा नको. ही भिंत बघ."

"बघितली. काल रात्रीपासून तीच बघतेय. वारा छान येतो."

मास्तरांनी हात जोडले. रागावले. लहानपणी करत तसं दारात आडवं बसून पाहिलं. ताई ढिम्म. ती म्हणाली, "हे बघ, मी जन्मभर वॉर्ड सांभाळलेत. दुसरी नर्स आल्याशिवाय मी कधी वॉर्ड सोडला नाही. कुणी म्हणालं म्हणून उठून गेले नाही. जबाबदार माणूस येऊ दे, भिंतीला हात लावून सांगू दे की सिस्टर, हे घर राहण्यासारखं नाही. मी मुकाट्याने निघते."

"येतील. उद्याच येतील. मी आत्ता लाल पाठवतो."

"लाल म्हणजे? नापास केलंस होय मला?" ताई हसली. "शाळेत तू किती वेळा झालास ते सांगू का त्यांना?"

मास्तर खाली उतरले, पलीकडच्या घराच्या ओसरीत जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ताईच्या घराचा फोटो काढला. वरच्या खिडकीत ताई उभी होती. तीही आली चौकटीत. फोटो फार सुंदर आला होता. त्यांनी लाल रंग निवडला आणि बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले तेव्हा ताई खिडकीतूनच ओरडली, "अरे, तुझी माणसं येऊन गेली!"

"मग तू अजून वर काय करतेस?"

"माझ्याकडे कुठे? समोरच्यांकडे. भिंती ठोकून बघितल्या, पाणी प्यायले आणि गेले. जाताना मला नमस्कारसुद्धा केला. चांगल्या घरची मुलं वाटली."

मास्तरांच्या मस्तकाची शीर तडकली. तसेच तरातरा केंद्रावर गेले आणि दारातूनच त्यांनी तोफ डागली. डोळे असून दिसत नाही का? पडायला आलेलं घर सोडून धडधाकट घर तपासतात? माझ्या बहिणीचं काही झालं तर कुणाला धरू?

चष्मेवालीने आपल्या मोबाईलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला आणि त्यांच्यापुढे धरला. गल्लीची एक बाजू मोकळी होती. दुसऱ्या बाजूला, सगळ्या धडधाकट घरांवर, लाल ठिपके ओळीने बसले होते.

"काका, हे तुम्ही पाठवलेले. फोटो काढताना तुम्ही कुठे उभे होता?"

मास्तरांनी नकाशा पाहिला. पुन्हा पाहिला. आणि तो उंच माणूस शाळेतल्या छोट्या बाकावर हळूहळू खाली बसला.

"फोन जिथे असतो तिथेच ठिपका पडतो," ती म्हणाली. "नेट इतकं मंद आहे की त्या लोकांना फोटो दिसतच नाही, नुसता ठिपका दिसतो. ठिपक्यावर गेले, काही सापडलं नाही, तक्रार बंद केली. काका, चूक आमची. आम्ही हे सांगितलंच नाही कुणाला. बाकी सगळे दाराशी उभे राहत होते, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही."

"ते राहू दे. ठिपके हलव इकडे. आत्ता हलव."

"इथून नाही हलत. जागेवर जाऊन पुन्हा पाठवावे लागतात."

ताईला फोन लागत नव्हता. रेंज येत होती, जात होती. चष्मेवालीने टोळीला निरोप धाडला आणि मास्तर धावत सुटले. पोक आलेला तो माणूस त्या दिवशी कसा धावला, हे गल्लीतली माणसं अजून सांगतात.

पण गल्ली सुरू होत होती या टोकाला आणि ताई होती त्या टोकाला. मधे त्यांचेच ठिपके होते. पहिल्याच दारात एक बाई तान्हं मूल खांद्यावर घेऊन उभी होती. तिने विचारलं, "काका, टेकूवाले कधी येणार हो?" तिच्या डोक्यावर गॅलरी लोंबत होती. तिला ओलांडून पुढे कसं जायचं? मास्तर भिंतीला चिकटून उभे राहिले, फोटोत नुसती भिंत आली, वेडीवाकडी, कापलेली. लाल. पाठवा. पडद्यावरचं ते छोटं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. "बाळाला घेऊन रस्त्यावर ये," ते तिला म्हणाले. दुसरं दार. पुन्हा चक्र. तिसऱ्या दारात एक आजोबा काठी टेकत बाहेर येत होते, त्यांना हात दिला. अर्ध्या गल्लीत पोचले तेव्हा अचानक ताईला फोन लागला. धापा टाकत ते तिच्याशी बोलले, एकीकडे पाय ओढत होते.

बोलणं झालं न झालं तोच जमीन हलली.

फार मोठा धक्का नव्हता. नंतर लोक म्हणाले, कपातला चहासुद्धा सांडला नाही. गल्लीच्या शेवटी मात्र धुळीचा एक लोट उठला आणि तो खाली बसला तेव्हा तिथे आभाळच आभाळ होतं.

टेकूवाले गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. त्यांनी आणि मास्तरांनी हातांनी विटा उचलल्या. ताई सापडली ती स्वयंपाकघराच्या बाजूला. चेहऱ्यावर धूळ होती, बाकी काही नाही. झोपेत असल्यासारखी.

पहिल्या घराची गॅलरी पडली नाही. पुढेही टिकली. तिसरं घर टेकूंवर उभं राहिलं. मास्तर आधी थेट ताईकडे गेले असते तर काय झालं असतं, हे कुणी त्यांच्यासमोर बोललं नाही. तान्ह्या मुलाच्या आईने एकदा बोलायचा प्रयत्न केला. मास्तरांनी तिच्या मुलाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "याचा फोटो काढलाय का गं कुणी अजून?"

क्रियाकर्म उरकल्यावर ते पिवळी पट्टी बांधून पुन्हा गल्लीत आले. राहिलेले ठिपके एकेक करून दुरुस्त केले, प्रत्येक घराच्या भिंतीवर डावा हात टेकवून. फोटो पाहायलाही थांबत नव्हते. शेवटच्या जागी हात टेकवायला भिंत नव्हती. ॲपमध्ये एक काळा रंगही होता, पडलेल्या घरांसाठी. चष्मेवाली मागून आली होती. ती म्हणाली, "काका, हा मी पाठवते." त्यांनी मान हलवली आणि विटांच्या ढिगात, जिना होता त्या जागी जाऊन, स्वतःच पाठवला.

स्टुडिओत माणसं भेटायला येत. नाटकात मरणाऱ्याला दिव्याचा झोत मिळतो, चार वाक्यं मिळतात. खऱ्या माणसाला ती मागून इतर लोक बहाल करतात. समोरच्या घरातले म्हणाले, सिस्टर खिडकीत हात जोडून उभ्या होत्या. कुणी म्हणालं, त्यांनी देवाचं नाव घेतलं, आम्ही कानांनी ऐकलं. मावसबहीण डोळे पुसत म्हणाली, "तिला कळलं होतं रे. म्हणूनच ती घर सोडत नव्हती. 'मी इथेच जाणार' असं म्हणाली होती ना ती?"

मास्तर इतके दिवस प्रत्येकाला हो म्हणत आले होते. कोपऱ्यात चष्मेवाली बसली होती, चहाचा कप तसाच हातात धरून. त्या दिवशी मात्र मास्तर तिच्याकडे वळले.

"नाही," ते म्हणाले. "मी फोनवर होतो. मी सांगितलं, ताई, त्या लोकांचं काही चुकलं नाही, मी चुकलो, घर खरंच लाल आहे, तू खाली ये. ती एका शब्दाने भांडली नाही. म्हणाली, 'बरं बाबा, तू म्हणतोस तर येते. धापा टाकू नकोस, सावकाश ये. गॅस बंद करते आणि आलेच.'"