कूलरचं तोंड

धारूरला आमचं केबल चालायचं तेव्हाचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. ते आपोआप साचत गेले, आणि गंमत म्हणजे सगळे उन्हाळ्यातलेच निघाले. हिवाळ्यात आमच्याकडे काही घडायचंच नाही. चित्र स्वच्छ, गिऱ्हाईक खूश, आम्ही रिकामे. एप्रिल लागला की मात्र रोज नवा तमाशा.

केबल बसवराजचं. मी त्याचा वर्गमित्र, खांबावर चढून वायर ओढणारा. गच्चीवर डिश आणि खाली पत्र्याच्या खोलीत दर चॅनलला एक रिसीव्हर, असा आमचा कारभार. त्या खोलीला आम्ही ऐटीत कंट्रोल रूम म्हणायचो. खरं तर ती बसवराजच्या वडिलांची, अण्णांची, गुळाची कोठी. अण्णा किराणा दुकानदार. पोरानं गादीवर बसायचं सोडून कोठीतला गूळ बाहेर काढला आणि यंत्रं आत मांडली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या खोलीत मी पाय ठेवणार न्हाई." शब्द त्यांनी पाळला. दिवसभर ओसरीवर बसायचे, खोलीचं दार अगदी समोर, पण मान कायम दुसरीकडे.

*

पहिल्या उन्हाळ्यात आम्हाला एवढंच कळलं होतं की दुपार झाली की चित्रात मुंग्या येतात आणि मग चॅनलच जातं. जागा वाचवायला आम्ही रिसीव्हर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचले होते. खालचा वरच्याला तापवायचा आणि पत्रा सगळ्यांनाच. बसवराजनं शक्कल लढवली. गोळेवाल्याकडून बर्फ आणला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि चवडीवर ठेवला. चित्र खरंच सुधारलं! आम्ही खुशीत चहाला गेलो.

पिशवीला भोक होतं. परत आलो तर खोलीत धूर, आणि ओसरीवरून अण्णांचा शांत आवाज, "गुळाला कधी आग लागली न्हाई."

*

मग जरा शहाणपण आलं. बीडच्या एका मेकॅनिकनं सांगितलं की यंत्रांमध्ये अंतर ठेवा आणि वरच्या फटी मोकळ्या सोडा, त्यांना वारा लागू द्या. आम्ही मधे लाकडी ठोकळे घातले, प्रत्येकाला वेगळं केलं.

पण बसवराजच्या मायनं त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घातले. घरातल्या टीव्हीवर, रेडिओवर, माठाच्या झाकणावर, सगळीकडे तिचे रुमाल होते, मग ह्यांनीच काय पाप केलं? आम्ही सकाळी काढायचो, दुपारी ते परत जागेवर. शेवटी बसवराजनं तिला समजावलं की झाकलं की यंत्राचा जीव गुदमरतो. जीव गुदमरतो म्हटल्यावर तिला पटलं. काही दिवसांनी तिनं नवे रुमाल आणले, सहज बोट जाईल अशा मोठ्या भोकांचे.

"घेऊ दे आता श्वास," ती म्हणाली. "पर उघडं ठेवायचं न्हाई. घरात अन्न आणतंय ते."

ते रुमाल काढायची आमची छाती झाली नाही. मला तर ती यंत्रं त्या जाळीत बरीच सभ्य दिसू लागली.

*

दुसऱ्या वर्षी कूलर आला. घरातला एकुलता एक, आणि त्याचं तोंड यंत्रांकडे. खोली गार झाली तशी अर्धी गल्ली आत येऊन बसायला लागली. एका मॅचच्या दिवशी तर दार लावून, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून लोक बसले होते. ऐन शेवटच्या ओव्हरला अख्ख्या गावाचं चित्र गेलं. कुणी कूलरला शिव्या घातल्या, कुणी यंत्रांना. बसवराजनं रिसीव्हरवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाला, "ह्यांचा दोष न्हाई बे. तुमच्याच अंगाची गरमी हाय ही. उठा समदे."

बाहेर गिऱ्हाइकांनी अण्णांना घेरलं होतं. मला इचारू नका, माझा धंदा गुळाचा, असं सांगून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. लोक पांगल्यावर मला हळूच जवळ बोलावलं आणि विचारलं, "लागलं का रे चित्र?"

*

त्यानंतरच्या मे महिन्यात अण्णांचा दमा उसळला. त्यांना अजिबात उकाड्यात ठेवू नका, डॉक्टरांनी बजावलं. बसवराजनं कुणाला न विचारता कूलर उचलला, पुढच्या खोलीत अण्णांच्या खाटेसमोर लावला आणि कंट्रोल रूमचं मेन स्विच पाडलं. त्या उन्हात कूलरविना यंत्रं जळाली असती, आणि जळाली असती तर नवी घ्यायची ऐपत नव्हती. पण गावात दुसरा केबलवाला नुकताच आला होता. आमचं बंद राहिलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी ओसरीवर बसून एकेकाला परत पाठवत होतो. माझा जीव तुटत होता.

"कावून माघारी चाललेत लोकं?" अण्णांनी आतून विचारलं. बसवराजनं सांगितलं. अण्णांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं समजून आम्ही दोघं औषधं आणायला बाजारात गेलो. माय स्वयंपाकात होती.

परत येताना गल्लीतल्या घराघरातून टीव्हीचे आवाज येत होते. आम्ही धावत घरात शिरलो. कूलर रिकाम्या खाटेवर वारा सोडत होता.

अण्णा कंट्रोल रूममध्ये होते. बनियन घामानं भिजलेलं, मायचे रुमाल घडी करून मांडीवर घेतलेले, आणि हातातल्या ताडाच्या पंख्यानं ते रिसीव्हरना वारा घालत होते.

"गिऱ्हाईक दारातून माघारी लावत नसतेत, बस्वा," ते धापा टाकत म्हणाले. आमच्याकडे पाहिलं नाही.

मी कूलर आणायला पळालो. तो ओढत दारापर्यंत आणला, तोवर बसवराजनं कोपऱ्यातला खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतला होता आणि अण्णांच्या मागे बसून तो त्यांना वारा घालत होता. अण्णांचा पंखा थांबला नव्हता.

मी कूलर धरून दारातच उभा राहिलो. त्याचं तोंड कुणाकडे करायचं, ते मला कळेना.